मायनरला रशियन घ्यावं का?

वाटसरू_पुणे:
बीएस्सी दुसरं वर्ष, पुणे. मायनरला (मेजरच्या जोडीच्या दुय्यम विषयाला) रशियन भाषा आणि संस्कृती असा ऑप्शन आलाय. चेखवच्या कथा मराठीतून वाचल्यापासून मला ओढ आहे पण घरचे म्हणतायत जर्मन घे, पुढे उपयोगी पडेल. लिपीची पण भीती वाटते. मेजर सांभाळून झेपतं का?

धुकं_आणि_चहा:
मी केलंय. लिपीचं टेन्शन घेऊ नकोस, ३३ अक्षरं आहेत, काही आठवड्यांत वाचायला लागशील. खरी मेहनत विभक्त्यांची, सहा आहेत आणि नामाबरोबर विशेषणही बदलतं. पण तीन लिंगं आपल्याकडे पण आहेत, आणि रशियनमध्ये तर बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटावरूनच लिंग कळतं. जाणे-येणेची क्रियापदं मात्र रडवतात, चालत जाणं वेगळं, गाडीने जाणं वेगळं, आत्ता निघालोय ते वेगळं आणि रोज जातो ते वेगळं. आणि पहिल्या दिवसापासून ऐकत जा, कारण जोर कुठल्या अक्षरावर ते छापलेलं नसतं आणि जोर नसलेला ओ हा अ सारखा होतो, लिहितात मोलोको आणि म्हणतात मलको (दूध).

रात्रपाळी:
नोकरीचं स्पष्ट सांगते, नुसत्या मायनरवर दुभाषी होता येत नाही. रशियात रशियनमधून डिग्री करायची तर साधारण बी१ (भाषेची मध्यम पातळी) लागतं, मायनरमध्ये तिथपर्यंत पोचणं कठीण. सोबत पुण्यातल्याच रानडे इन्स्टिट्यूटचा रशियनचा कोर्स जमतो का बघ. आणि २०२२ पासून निर्बंधांमुळे तिकडे पैसे पाठवणंसुद्धा किचकट झालंय हे घरच्यांना आधीच सांग. पण भाषा फक्त रशियापुरती नाही, कझाकस्तान, किर्गिझस्तानात पण ती अधिकृत आहे, आपल्याकडची कितीतरी मुलं किर्गिझस्तानात एमबीबीएस करतायत.

खाडीकाठ:
संस्कृतीचा भाग हलक्यात घेऊ नकोस रे. तिथे सरांना नुसतं नावाने हाक मारत नाहीत, नाव आणि वडिलांचं नाव मिळून, इवान पेत्रोविच असं, आपल्या मधल्या नावासारखंच आहे ना? हे कळलं की कादंबरीतली एकाच माणसाची तीन-तीन नावं गोंधळात टाकत नाहीत. अण्णाभाऊंचं रशियाचं प्रवासवर्णन वाच, १९६१ ची सफर आहे. आणि रेवदंड्याला गेलास तर रशियन प्रवासी निकितिनचं स्मारक बघ, पंधराव्या शतकात तो चौलला उतरला होता.

वाटसरू_पुणे:
सगळ्यांचे आभार. जर्मन नंतर बाहेरूनही शिकता येईल, रशियन शिकवणारे कॉलेजात आयते मिळतायत तर हेच घेतो.

धुकं_आणि_चहा:
घे. फक्त आधी सिलॅबस मागून बघ, संस्कृतीचे पेपर इंग्रजीतून आणि भाषेला आठवड्याला दोनच तास असतील तर घरी रोज तासभर द्यावा लागेल.