मदत हवी आहे: काळ्या मातीवर पाव-पिझ्झा भाजायच्या भट्टीसाठी चौथरा (इंदूर)

नमस्कार मंडळी,

राजेंद्रनगरला घरामागच्या अंगणात पाव, पिझ्झा आणि बाफले भाजायला सरपणावरची घुमटाकार भट्टी बांधायची आहे. घुमटाचं ठरलंय: आतला व्यास ९० सेंटिमीटर, फायरब्रिकची (उष्णता सोसणाऱ्या विटांची) साडेचार इंची भिंत. अडलंय ते खालच्या चौथऱ्यापाशी, आणि त्याहून जास्त त्याच्या पायापाशी.

चौथरा पाच फूट बाय पाच फूट, तीन बाजूंनी नऊ इंची वीटकाम, पुढची बाजू लाकडं ठेवायला उघडी, वर चार इंची आरसीसी स्लॅब. भट्टीसकट वजन तीन टनांच्या आसपास जातं. पाया थोडा बाहेर काढला की चौरस मीटरला जेमतेम एक टन भार, म्हणजे चौथरा खचायची भीती फारशी नाही. भीती तो उचलला जाण्याची आहे. माळव्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि हलकं बांधकाम तिला सहज उचलता येतं. तेही सगळीकडे सारखं नाही, कारण कडेची माती लवकर वाळते आणि मधली ओली राहते. स्लॅब तिरका झाला तर घुमटाला तडे जाणार.

आमचे मिस्त्री अनुभवी आहेत. त्यांचं म्हणणं, तीन फूट खोदून गिट्टी-रेती भरू. मला तिथेच शंका आहे. आजूबाजूच्या काळ्या मातीतून पाण्याचा निचरा होत नाही, मग रेतीचा खड्डा पावसाळाभर हौदासारखा भरून राहील आणि तेच पाणी तळाच्या मातीला फुगवेल. त्यापेक्षा थोडा चिकट, पण न फुगणारा मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून, धुमसून भरावा असं वाटतं. काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तराखाली असा थर देतात, आयएस ९४५१ या भारतीय मानकात तो सांगितला आहे. पण कालव्याची रीत पाच फुटी चौथऱ्याला चालेल का? तीन फूट पुरेत की आणखी खाली जावं? भोवती उतार देऊन तीन-चार फूट फरसबंदी केली तर कडेची माती वाळणं कमी होईल का? माळव्यात, विदर्भात किंवा मराठवाड्यात अशा जमिनीवर छोटं बांधकाम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मिस्त्री फायरब्रिक थेट स्लॅबवर बसवू म्हणतात, ते मात्र मी होऊ देणार नाही. भट्टीचा तळ ४०० अंशांपर्यंत तापतो. साधं काँक्रीट ३०० च्या पुढे ताकद गमावू लागतं, शिवाय उष्णता खाली निघून गेली तर पाव तळाशी कच्चा राहतो. मध्ये चार इंच व्हर्मिक्युलाइट (उष्णता अडवणारं हलकं खनिज) आणि सिमेंट यांचं मिश्रण (५:१) घालणार आहे. यावर कुणाची हरकत असेल तर सांगा.

शेवटचं, हंगामाचं. मे महिन्यात खोदाई सोपी, पण तेव्हा माती पूर्ण आक्रसलेली असते, म्हणजे पाया घातल्यावर पहिल्याच पावसात ती सर्वांत जास्त फुगणार. मग पाया दिवाळीनंतर, मातीत थोडी ओल असताना घालावा, की उन्हाळ्यातच चौथरा उरकून एक पावसाळा तो कसा राहतो ते पाहावं आणि मगच घुमट चढवावा?