मदत हवी आहे : बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांसाठी भक्कम, कमी पाठांतराची सुरुवात

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरचा, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. रात्री जेवण उरकल्यावर बुद्धिबळाला जेमतेम पाऊण तास मिळतो. रविवारी नव्या पेठेत मित्राच्या दुकानामागे आम्ही सात-आठ जण जमतो, १५ मिनिटांचे डाव असतात.

पांढरी मोहरी आली की अडचण नाही. डी४ (म्हणजे प्यादं डी४ या घरात), उंट एफ४, मग ई३, सी३, अशी लंडन नावाची मांडणी करतो आणि मधल्या डावापर्यंत धड पोचतो. (चीनच्या डिंग लिरेनने २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव लंडननेच जिंकला होता, म्हणून तिच्यावर जास्तच जीव आहे.)

प्रश्न काळ्याचा. पांढऱ्याने ई४ केलं की मी सिसिलियन नायडॉर्फ ही सुरुवात खेळायचो. कॉलेजची पोरं रोज मोबाईलवर नव्या चाली बघून येतात. उंट जी५ आला की मी एखादी चाल विसरतो आणि विसाव्या चालीच्या आत माझा राजा उघडा पडतो. नायडॉर्फला रोजचा रियाज लागतो, तेवढा वेळ माझ्याकडे नाही.

म्हणून महिनाभर कारो-कान ही सुरुवात खेळतोय : ई४ सी६, डी४ डी५ (जोडीतली पहिली चाल पांढऱ्याची, दुसरी माझी). फ्रेंच बचाव या सुरुवातीत सी८ चा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडतो, इथे तो ई६ च्या आधी बाहेर पडतो, हे मला फार आवडलं. पण गेल्या रविवारी तोच उंट गेला. ई५ उंट एफ५, एच४ ला मी सवयीने ई६ केलं. मग जी४ उंट ई४, एफ३ उंट जी६, एच५, आणि उंटाला घरच उरलं नाही! तेव्हापासून पांढऱ्याने ई५ केलं की हात आखडतो. या फाट्यात कमीत कमी काय लक्षात ठेवावं? की कारो-कानच सोडू?

प्रतिसाद :
दादा, सोडू नका. एच४ ला लगेच एच५ करा, जी४ चा धोका टळतो. तरी धाकधूक वाटली तर ई५ नंतर उंट हलवूच नका, सी५ करा. सी प्यादं दोनदा चालल्यामुळे एक चाल वाया जाते, पण पाठांतर बरंच कमी होतं. पांढऱ्याने सी५ चं प्यादं मारलं तर ई६ करा, एफ८ चा उंट त्या प्याद्यावर नेम धरतो.

धागाकर्ता :
मनापासून आभार. आज रात्रीच पट मांडतो. पण त्याने बी४ करून ते प्यादं धरून ठेवलं तर?

प्रतिसाद :
ए५. बी४ लाच धक्का द्यायचा. तो सी३ ने आधार देईल, तेव्हा आधी बी४ वर मारामारी करून घ्या आणि मग बी६ करा.