रात्री जेवणाऐवजी नुसती फळं खातोय आणि पोट टम्म फुगतंय, फळं हलकी असतात ना?

वडगावकर_बेळगाव
नमस्कार मंडळी. वजन वाढलंय म्हणून रात्रीची भाकरी-आमटी बंद केली आणि ताटभर फळं सुरू केली, सीझनच आहे की. धारवाडकडचा हापूस असतोय, कलिंगड असतंय, आणि सासरवाडी जांबोटीकडची असल्यामुळं फणस तर घरात एक संपला की दुसरा येऊन पडतोय. आता झालंय असं की खाऊन तास-दोन तासात पोट फुगतंय, गुडगुड, गॅस, शेजारी बसवत नाही कुणाला, आणि सकाळी पातळ होतंय. आई म्हणते उष्णता झाली, बायको म्हणते आंबे पावडर टाकून पिकवलेत, ऑफिसात एकजण म्हणाला जेवणावर फळ खाल्लं की पोटात कुजतंय. पण मी जेवतच नाही तर कुजतंय कशावर? शुगर-बीपी काही नाही. कुणाला असं होतंय काय?

निपाणीचा_भावा
लई हसलो 😂 आधी सांगा फणस कापा की बरका? कापा असला तर दोन-चार गरे खाऊन माणूस थांबतंय तरी, बरका एकदा हातात घेतला की गिळत सुटायचं, मोजतंय कोण. आमच्यात वर ओवा-मीठ चावून खातात, गॅसला तेवढ्यापुरतं बरं वाटतंय. पण रोज ताटभर खाऊन ओवा काय करणार त्यात.

पथ्यपाणी_ताई
मी डाएटिशियन आहे, सीझनमध्ये ही तक्रार घेऊन भरपूर जण येतात. कुजण्याचं आधी डोक्यातून काढा, जठरात एवढं आम्ल असतं की तिथं फळ कुजत नाही. खरी भानगड खाली आतड्यात होते. फळातली फ्रुक्टोज नावाची साखर लहान आतडं एका वेळी ठरावीकच शोषतं, आणि हे प्रमाण माणसागणिक वेगळं असतं. बरोबर ग्लुकोज असलं तर ती बरी शोषली जाते, पण आंबा आणि कलिंगड दोन्हीत ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त, म्हणजे तुम्ही नेमकी तीच जोडी एका ताटात घेतलीय. शोषली न गेलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू ती आंबवतात, त्यातनं हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड असले गॅस तयार होतात, काहींना मिथेनही. शिवाय ती साखर पाणी ओढून घेते म्हणून सकाळी पातळ. सफरचंद, पेर यात वर सॉर्बिटॉल नावाचं साखरेसारखं द्रव्य असतं, त्यानंही हेच होतं, सफरचंद पोटाला बरं म्हणून आजारी माणसाला ढीगभर देतात तेव्हा मला हसू येतं.

फणसात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर कार्ब असतं, कलिंगडात ७-८. म्हणून वजनासाठी बरका गिळणं म्हणजे काय सांगू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं (एनआयएन) २०२४ मध्ये नवीन आहारसूची काढलीय, त्यात २००० कॅलरीच्या ताटात दिवसभराचं फळ १०० ग्रॅम धरलंय आणि भाजी ४०० ग्रॅम. एका मध्यम हापूसचा गरच त्याच्या वर जातो!

पावडरचं म्हणाल तर कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला बंदी आहे, तरी चोरून वापरतात हे खरं. पण मग घरच्या फणसानं का होतंय? रात्रीची भाकरी-आमटी परत चालू करा, भाकरी थोडी कमी हवी तर करा. फळ एकावेळी एकच, दुपारी चार-पाचला. ज्यूस नको, चावावं लागत नाही म्हणून जास्त पोटात जातो. आठवड्यात फरक पडला नाही, किंवा रक्त पडलं, ताप आला, वजन काही न करता आपोआप उतरायला लागलं तर डॉक्टर. हायड्रोजनची श्वासाची टेस्ट असते, फ्रुक्टोज सोसत नाही काय ते त्यात कळतं.

रानमेवा_खानापूर
काय हो हे ग्रॅम न् बिम. आम्ही लहानपणी रानात दिवसभर करवंदं, जांभळं, काजूची बोंडं खाऊन पोट भरायचो, घरी जेवणाची शुद्ध नसायची, कुणाला काय झालं नाही.

पथ्यपाणी_ताई
काका, तुम्ही मैलोगणती हिंडत एकेक तोडून खात होता, हे बसून ताट संपवतात. आणि जांभळं जास्त झाली की पोट घट्ट व्हायचं की नाही, खरं सांगा 🙂

रानमेवा_खानापूर
ते व्हायचं म्हणा.

अनगोळची_सून
विषय वेगळा आहे पण लिहिते. सासऱ्यांना किडनीचा त्रास आहे, पाहुणे येताना प्रेमानं केळी, शहाळं घेऊन येतात आणि नाही म्हटलं की राग. किडनी कमजोर असली तर पोटॅशियम साठतं आणि हृदयाला धोका होतो, म्हणून फळ डॉक्टरला विचारूनच. आणि ती पाच धारांची आंबट करमर (स्टार फ्रूट) असते ना, ती तर अशा पेशंटला अजिबात द्यायची नाही, तिच्यातल्या विषानं मेंदूवर परिणाम होतो. आमच्या परसात झाड होतं, काढून टाकलं.

वडगावकर_बेळगाव
ताई लई थँक्स. आजपासून भाकरी चालू, आई खूश झाली. पण आत्ताच मेव्हण्याचा फोन आला, उद्या सकाळच्या बसनं आणखी दोन फणस पाठवालाय. त्याचं काय करू?

निपाणीचा_भावा
बरका असला तर रस काढून फणसपोळ्या घाला, ऊन आहे तोवर वाळतील. कापा असला तर वडगावात नेमकं कुठं राहता सांगा, मी येतोय.