मदत हवी आहे: ६५ वॅटचा तीन पोर्टांचा चार्जर, एक जास्तीचं उपकरण लावलं की सगळ्यांचंच चार्जिंग मंदावतं

टेबलावरचा_गुंता

चार्जर ६५ वॅटचा आहे. दोन यूएसबी-सी पोर्ट, एक यूएसबी-ए. पाठीवर बारीक अक्षरात छापलंय ते असं:

सी-१ एकटा: ६५ वॅट
सी-२ एकटा: ३० वॅट
ए एकटा: १८ वॅट
सी-१ + सी-२: ४५ + २०
सी-१ + ए: ४५ + १८
सी-२ + ए: ५ व्होल्ट, ३ अँपिअर (दोन्ही मिळून)
तिन्ही: ४५ + १५ (सी-२ आणि ए मिळून)

लॅपटॉपचा मूळ अडॅप्टर ६५ वॅटचा, फोन २५ वॅटपर्यंत घेणारा, शिवाय इअरबड्सची डबी. अडचणी तीन:

१. सी-१ला लॅपटॉप असताना सी-२ला फोन लावला की लॅपटॉपवर 'स्लो चार्जर' अशी सूचना येते. फोन १०० टक्के झाला तरी ती जात नाही.
२. डबी ए पोर्टला लावली की फोनचं फास्ट चार्जिंग बंद.
३. काहीही लावलं किंवा काढलं की लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटतं. मध्ये डॉक (लॅपटॉपला जास्तीचे पोर्ट देणारी डबी) ठेवला तर डॉकला जोडलेली हार्ड डिस्कही त्याच वेळी डिस्कनेक्ट होते.

चार्जरमध्ये दोष आहे का? की केबलमध्ये?

सोल्डरवाला

दोष नाही. तुमचा चार्जर पाठीवर लिहिलंय तेच इमानेइतबारे करतोय.

हा चार्जर वीज वाटत नाही, वायदे वाटतो. सी पोर्टला पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे किती व्होल्ट-अँपिअर द्यायचे हे चार्जर आणि उपकरणाने बोलून ठरवायची यूएसबीची पद्धत) चालणारं उपकरण जोडलं की सीसी तारेवरून, म्हणजे केबलमधल्या बोलणी करायच्या तारेवरून, चार्जर आपली यादी पाठवतो: ५ व्होल्टला ३ अँपिअर, ९ला ३, १५ला ३, २०ला ३.२५. उपकरण त्यातली एक ओळ मागतं, चार्जर मान्य करतो आणि करार होतो. करार झाला की उपकरण कोणत्याही क्षणी तेवढी पूर्ण वीज ओढू शकतं. म्हणून सगळ्या करारांची बेरीज ६५च्या वर जाणार नाही याची खबरदारी चार्जरला आधीच घ्यावी लागते. फोन पूर्ण भरल्यावर २ वॅटसुद्धा ओढत नसेल, पण त्याच्या नावावर २० वॅट राखून ठेवलेले आहेत. लॅपटॉपला ते मिळणार नाहीत. पहिल्या अडचणीचं उत्तर एवढंच.

दुसरी अडचण आतल्या रचनेमुळे आहे. भिंतीतल्या विजेपासून आधी विसेक व्होल्टचा एक डीसी टप्पा तयार होतो. त्यापुढे पोर्टागणिक व्होल्टेज उतरवणारं सर्किट लागतं. तुमच्या चार्जरमध्ये अशी सर्किटं दोनच आहेत: एक सी-१चं आणि एक सी-२ व ए या दोघांत मिळून. एक सर्किट एका वेळी एकच व्होल्टेज देऊ शकतं. फोनला हवेत ९ व्होल्ट, डबीला चालतात फक्त ५. डबीवर ९ व्होल्ट सोडले तर ती जळेल, म्हणून दोघांनाही ५वर आणलं जातं. 'सी-२ + ए: ५ व्होल्ट, ३ अँपिअर' ही ओळ दिसली की आत सामायिक सर्किट आहे असं खुशाल समजा.

मीटरबाई

वरचं सगळं मान्य. केबलबद्दल थोडं. ३ अँपिअरच्या वर जायचं तर केबलच्या प्लगमध्ये ओळख सांगणारी चिप लागते, तिला ई-मार्कर म्हणतात. ती नसेल तर चार्जर यादीतली शेवटची ओळ २० व्होल्ट, ३ अँपिअर एवढीच ठेवतो. म्हणजे ६५चा चार्जर ६० वॅटचा होतो. फरक लहान, पण मोजताना गोंधळ घालतो.

मोजायचं असेल तर सी पोर्टचा असा मीटर घ्या जो पीडीची यादीही दाखवतो. नुसता व्होल्ट-अँपिअर दाखवणारा मीटर उपकरण किती ओढतंय तेवढंच सांगतो, चार्जरने किती देऊ केलंय ते नाही. बॅटरी ९० टक्के भरलेली असताना २२ वॅट दिसले म्हणून चार्जरला दोष देणारे बरेच भेटतात. बॅटरी निम्म्याच्या खाली आणि लॅपटॉपवर जड काम चालू, अशा स्थितीत वाचा. मॅक असेल तर मीटरशिवायही कळतं: सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये पॉवर उघडा, चार्जरने देऊ केलेले वॅट तिथे दिसतात.

दीड_अँपिअर

तिसऱ्या अडचणीबद्दल. पीडीमध्ये वीज न तोडताही नवी यादी पाठवता येते. ६५वरून ४५वर यायचं तर २० व्होल्ट तसेच ठेवून ३.२५ अँपिअरचे २.२५ करायचे, बस. चांगले कंट्रोलर हेच करतात. स्वस्तातले सरळ हार्ड रीसेट मारतात: पोर्ट शून्य व्होल्टवर, सेकंदभराने पुन्हा ५ व्होल्ट, मग पुन्हा बोलणी करून २०. बॅटरी असलेल्या लॅपटॉपला त्याने फार काही होत नाही, सूचनेचा टिंग वाजतो इतकंच. डॉकला मात्र स्वतःची बॅटरी नसते. त्याची वीज गेली की डिस्कही गेली, आणि त्या क्षणी फाइल लिहिली जात असेल तर ती खराब होऊ शकते.

त्यामुळे डॉक, रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डाचा संगणक), राउटर असं बॅटरी नसलेलं काहीही सामायिक चार्जरवर ठेवू नका. त्यांना स्वतंत्र अडॅप्टर द्या. याला दुसरा इलाज नाही, कारण चार्जर कोणत्या प्रकारचा आहे हे खोक्यावर कधीच लिहिलेलं नसतं.

नवा_प्लग

पण आता डायनॅमिक वाटप करणारे चार्जर आलेत ना? फोन भरला की उरलेले वॅट लॅपटॉपला देतात म्हणे.

सोल्डरवाला

आहेत. ते प्रत्यक्ष ओढ मोजत राहतात आणि अधूनमधून करार बदलतात. १ल्या अडचणीवर उपयोगी. पण आत हार्ड रीसेटवाला कंट्रोलर असेल तर आता काही लावलं-काढलं नाही तरी मध्येच वीज तुटेल. डॉकवाल्यांना ते जास्तच त्रासाचं.

टेबलावरचा_गुंता

यादी दाखवणारा मीटर मिळाला. सी-१ एकटा असताना शेवटची ओळ २० व्होल्ट, ३ अँपिअर. म्हणजे केबल बिनचिपची. फोन लावल्यावर २० व्होल्ट, २.२५. इथपर्यंत कळलं. पण फोन काढला, सी-२मध्ये फक्त रिकामी केबल लोंबकळतेय, तरी लॅपटॉप ४५वरच! केबल उपसली की परत ६०. हे काय?

मीटरबाई

केबलचं दुसरं टोक मायक्रो यूएसबीचं आहे का?

टेबलावरचा_गुंता

हो. जुन्या स्पीकरची.

मीटरबाई

मग बरोबर आहे. सी पोर्टला उपकरण ओळखू येतं ते सीसी पिनवरच्या ५.१ किलोओहमच्या रोधावरून. सी-टू-सी केबलमध्ये तो रोध उपकरणात असतो, त्यामुळे रिकामी केबल मोजली जात नाही. मायक्रो यूएसबीला सीसी पिनच नाही, म्हणून तो रोध केबलच्या सी प्लगमध्येच बसवलेला असतो. पलीकडे स्पीकर असो वा नसो, चार्जरला कुणीतरी जोडलेलं दिसतं आणि २० वॅट बाजूला पडतात. वापर नसताना ती केबल काढून ठेवा.

याची उलट बाजूही सांगून ठेवते. काही स्वस्त ट्रिमर आणि टॉर्चमध्ये सी सॉकेट असतं पण तो रोध घातलेला नसतो. ती सी-टू-सी केबलवर मुळीच चार्ज होत नाहीत, ए पोर्टवर होतात.

दीड_अँपिअर

आता मांडणी. लॅपटॉप सी-१ला, फोन सी-२ला, ए रिकामा. इअरबड्सची डबी लॅपटॉपच्याच यूएसबी पोर्टला लावा. यूएसबी ३चा पोर्ट ५ व्होल्टला ०.९ अँपिअर देतो, डबीला तेवढं पुष्कळ. लॅपटॉपवर रेंडरिंगसारखं जड काम असेल तेव्हा फोन काढा, नाहीतर ४५ वॅटवर चार्जर लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरेल. सी-१साठी ५ अँपिअरची, १०० वॅट लिहिलेली केबल घ्या. चार्जर बंद खणात किंवा उशीखाली ठेवू नका. तापला की तो स्वतःच वॅट कमी करतो आणि मग वरची सगळी गणितं चुकतात.

आणखी एक: फोनला २५ वॅट पीपीएसवरच (पीडीचाच एक प्रकार, यात फोन व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी मागून घेतो) मिळत असतील (सॅमसंगच्या बऱ्याच फोनचं तसं आहे), तर दोन पोर्ट चालू असताना यादीत पीपीएसची ओळ टिकते का ते मीटरवर बघा. काही चार्जर वाटणी होताच ती काढून टाकतात, आणि मग फोन साध्या ९ व्होल्टवर येतो.

टेबलावरचा_गुंता

नवा घ्यायचाच झाला तर १०० वॅटचा पुरेल?

सोल्डरवाला

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याने ते ठरत नाही. तक्त्यातली 'सगळे पोर्ट चालू' ही शेवटची ओळ वाचा. तुम्हाला तिथे एका सी पोर्टवर ६५ आणि दुसऱ्यावर २५ किंवा जास्त हवेत. दोन पोर्टांना ६५ + ३० देणारा १००चा चार्जर तिसरं काही लावताच ४५वर घसरू शकतो, म्हणजे तुम्ही आहात तिथेच. तक्ता छापलेलाच नसेल तर तो चार्जर सोडून द्या.