विषय: रे: रे: मंगळवारी मत कुणाला (आणि "निवडून येणारा" म्हणजे नक्की कोण)

प्रेषक: विनायक, एडिसन
गुरुवार, ३१ जानेवारी २००८

मंडळी नमस्कार,

हळदीकुंकवाच्या मेलांमध्ये राजकारण घुसवतोय त्याबद्दल आधीच माफी, पण कालपासून डोकं फिरलंय. मंगळवारी आपल्या न्यू जर्सीत डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरातल्या अध्यक्षीय निवडणुकीला पक्षाचा उमेदवार कोण ते ठरवायचं मतदान. मी शहाण्यासारखं अ‍ॅब्सेंटी बॅलट (टपाली मतपत्रिका) मागवलं, गेल्या आठवड्यातच भरून पोस्टात टाकलं आणि मोकळा झालो. मत कुणाला, तर जॉन एडवर्ड्सला. आणि काल हा बाबा न्यू ऑर्लिन्सला उभा राहून सांगतो की मी थांबलो. काउंटी क्लार्ककडे फोन करून विचारलं की ते परत मिळेल का हो, दुसरं भरून देतो, तर पलीकडच्या बाई आधी हसल्या आणि मग नाही म्हणाल्या.

आता खरं सांगायचं तर एडवर्ड्स मला फार आवडतो अशातला भाग नाही. मला आवडतो ओबामा, २००४ चं त्याचं बॉस्टनचं भाषण ऐकलं तेव्हापासून. पण मी हिशेब असा केला की आपल्याला आवडून काय उपयोग, ओहायोत आवडला पाहिजे. गेल्या वेळचा आपला उमेदवार केरी ओहायोत १ लाख १८ हजारांनी आपटला, तेवढ्यावरून सगळं गेलं. एडवर्ड्स गोरा, पुरुष, दक्षिणेतला, वर गिरणी कामगाराचा मुलगा, म्हणजे कुणालाच नाव ठेवायला जागा नाही. तो निवडून येणारच होता हो, फक्त त्याला मतं पडत नव्हती!

तर आता घरात एकच मत शिल्लक आहे, बायकोचं. हिलरी की ओबामा, नोव्हेंबरात निवडून कोण येऊ शकेल ते सांगा. भाषणं नकोत, हिशेब द्या.

विनायक

---

प्रेषक: मंदार, जर्सी सिटी
गुरुवार, ३१ जानेवारी, रात्री

> भाषणं नकोत, हिशेब द्या

घ्या हिशेब. आयोवात नव्वद टक्क्यांच्या वर गोरे लोक, तिथे ओबामा ३८, एडवर्ड्स ३०, हिलरी २९. परवाच्या शनिवारी साउथ कॅरोलिनात ५५ विरुद्ध २७. सोमवारी सेनेटर टेड केनेडीने ओबामाला पाठिंबा दिला. समोर आता रिपब्लिकनांचा मॅकेनच येणार असं दिसतंय, आणि मॅकेनशी भांडायचं कशावर तर इराकवर. हिलरीने २००२ मध्ये युद्धाच्या बाजूने मत दिलंय, ओबामा त्याच महिन्यात शिकागोत उभा राहून विरोधात बोललाय. केरीचं नेमकं हेच झालं होतं ना, स्वतःच हो म्हणून बसला होता त्यामुळे बुशला धड धरताही येईना आणि सोडताही येईना.

बाकी २००४ मध्ये स्टिकर निघालं होतं आठवतंय का, "डेटेड डीन, मॅरीड केरी", म्हणजे प्रेम प्रायमरीतल्या हॉवर्ड डीनशी आणि लग्न केरीशी. मी पण तसंच केलं होतं. ओळखीच्या कुणालाच केरी मनापासून आवडत नव्हता, पण दुसऱ्यांना आवडेल असं प्रत्येकाला वाटत होतं. व्हिएतनामची मेडलं आहेत म्हणून घेतला आणि लोकांनी त्या मेडलांवरच चिखल उडवला.

वहिनींना सांगा मंगळवारी सकाळी सहा ते रात्री आठ मतदान आहे. कुठल्या पक्षात नाव नसेल तरी चालतं, तिथल्या तिथे डेमोक्रॅट म्हणून सांगायचं. त्यानंतर मात्र रेकॉर्डला डेमोक्रॅट असंच लागतं, नंतर ओरडू नका.

मंदार

---

प्रेषक: एक ग्रीन कार्डवाला
शुक्रवार, १ फेब्रुवारी

तुमची चर्चा वाचून जीव जळतो. सात वर्षं फाइल लटकलीय. तुम्हा लोकांना मतं आहेत आणि ती तुम्ही न आवडणाऱ्यांना देऊन पोस्टात टाकताय. चालू द्या.

---

प्रेषक: कार्यकारिणी
शुक्रवार, १ फेब्रुवारी

सभासदांना नम्र विनंती. आपलं मंडळ ५०१-सी-३ (करमुक्त धर्मादाय संस्था) आहे, मंडळाच्या नावाने कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. वैयक्तिक मतं जरूर मांडा, खाली "मंडळाचा सभासद" वगैरे सही नको. आणि हळदीकुंकवाला किती जण येणार ते अजून फक्त अकरा घरांनी कळवलंय, तिळाच्या वड्या किती करायच्या ते आम्हाला स्वप्नात दिसणार नाही.

---

प्रेषक: शुभदा, ब्रिजवॉटर
शनिवार, २ फेब्रुवारी

आमच्या घरून चार.

आता विनायकराव, तुमच्या हिशेबाबद्दल. गेल्या रविवारी देवळात कँटीनमध्ये डोशाच्या रांगेत उभी होते, चार वेगवेगळ्या लोकांनी मला सांगितलं की आम्हाला हिलरी चालेल हो, पण अमेरिकन लोक अजून बाईला तयार नाहीत. शेजारच्या टेबलावर मंडळी म्हणत होती की आमचं काही नाही पण अमेरिकन लोक काळ्या माणसाला तयार नाहीत. ऑफिसात माझ्या गोऱ्या मैत्रिणी हेच बोलतात, त्यांच्या मते "लोक" पेनसिल्व्हेनियात राहतात. पेनसिल्व्हेनियातल्यांना विचारलं तर ते म्हणणार पलीकडे ओहायोत राहतात. मग हे लोक राहतात कुठे नक्की, कारण भेटतो तो प्रत्येक जण स्वतः तयारच असतो!

मला १९७९ साली साताऱ्यात बघायला आले होते. पोहे खाल्ले, गाणं ऐकलं, आणि चार दिवसांनी निरोप, की मुलगी आम्हाला पसंत आहे हो, पण मुलाच्या आत्याबाईंना उंची जरा कमी वाटते. झालं, मोडलं. दहा-बारा वर्षांनी एका लग्नात त्या आत्याबाई भेटल्या. मी धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, अगं मी कधी म्हटलं, मला तर विचारलंच नव्हतं कुणी.

तुमचं हे "निवडून येणारा" म्हणजे ती आत्याबाई आहे. नकार आपल्याला द्यायचा असतो आणि नाव तिचं पुढे करायचं. किंवा त्याहून वाईट, नकार कुणालाच द्यायचा नसतो, तरी सगळे मिळून देतात. विनायकरावांना ओबामा आवडतो, मंदारला २००४ मध्ये डीन आवडत होता. आवडत्या माणसाला मत न देण्याचं कारण दोघांकडे एकच, तिसरा कुणी देणार नाही म्हणून.

आणि आपल्या माणसांनी तरी हे बोलू नये. आपल्याकडे तिकीटवाटपाला "इलेक्टिव्ह मेरिट" म्हणतात ना, त्या नावाखाली कुणाकुणाला तिकिटं मिळतात ते आपण पेपरात वाचतोच. इथे निदान मत आपल्या हातात दिलंय तर आपण इथेही हायकमांडसारखं वागतो.

मी हिलरीला देणार. ती निवडून येईल म्हणून नाही. १९९३ मध्ये तिने हेल्थ केअरला हात घातला, तोंडावर पडली, आणि तरी पंधरा वर्षांनी पुन्हा तोच विषय घेऊन उभी आहे म्हणून. मला अशा बायका आवडतात.

शुभदा

---

प्रेषक: अण्णा, सॉमरसेट
शनिवार, २ फेब्रुवारी, रात्री उशिरा

चि. मंदार, सौ. शुभदा आणि मंडळी,

शुभदाताई, तुमची आत्याबाई खोटी असेल, पण डेमोक्रॅटांचा उमेदवार मॅकगव्हर्न खरा होता. मी १९७१ ला होबोकनला शिकायला आलो. १९७२ साली आमच्या बिल्डिंगमध्ये, लॅबमध्ये, लाँड्रीत, जिथे जाल तिथे मॅकगव्हर्न. मला मत नव्हतं पण माझी खात्री होती की हा येणार, कारण निक्सनला मत देणारा एकही प्राणी माझ्या पाहण्यात नव्हता. नोव्हेंबरात मॅकगव्हर्नला मिळालं काय तर मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन डीसी. एकोणपन्नास राज्यं निक्सनला. तेव्हा आपल्याला जे आवडतं तेच सगळ्यांना आवडतं असं समजणं हासुद्धा एक प्रकारचा आंधळेपणाच, नाही का. शेजाऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधायचाच नाही, तर मग निवडणूक लढवायची कशाला, नुसतं भजन करावं.

माझा कल हिलरीकडे आहे आणि कारण शुद्ध व्यवहाराचं आहे. तिच्याबद्दल जे वाईट बोलायचं ते गेली सोळा वर्षं बोलून झालंय, आता नवीन काही निघायचं नाही. ओबामाचं अजून काही उघडलेलंच नाही. तो मदरशात शिकला असं ते फॉरवर्ड, ते धादांत खोटं आहे, पण आपल्या याच लिस्टवर ते तीनदा येऊन गेलं, पाठवणारे डॉक्टर, इंजिनिअर. तिथे ओहायोतल्या आत्याबाईंना कशाला नावं ठेवायची, आत्याबाई घरातच आहेत. न्यू हॅम्पशायरला सगळे पोल ओबामा पुढे सांगत होते आणि जिंकली हिलरी. १९८२ ला कॅलिफोर्नियात गव्हर्नरपदाला उभ्या राहिलेल्या काळ्या टॉम ब्रॅडलीचं असंच झालं, पोलमध्ये पुढे आणि मतपेटीत मागे. लोक पोलवाल्याला एक सांगतात आणि पडद्यामागे दुसरं करतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

अण्णा

ता.क. आम्ही दोघं येणार. वड्या मऊ करा, दात नाहीत.

---

प्रेषक: मंदार
रविवार, ३ फेब्रुवारी, सकाळी

अण्णा, साष्टांग नमस्कार, पण १९८४ चं काय? तेव्हा गॅरी हार्टला बाजूला सारून पक्षाने पोक्त, तावूनसुलाखून निघालेला माँडेल घेतला, आणि त्याला मिळालं त्याचं स्वतःचं मिनेसोटा आणि तेच डीसी. म्हणजे आवडीचा घेतला तरी एकोणपन्नास, व्यवहाराचा घेतला तरी एकोणपन्नास.

आणि १९६० मध्ये केनेडीबद्दल हेच म्हणत होते की कॅथलिक माणूस चालणार नाही. तो पठ्ठ्या मुद्दाम वेस्ट व्हर्जिनियात जाऊन लढला, जिथे कॅथलिक औषधापुरते, आणि हंफ्रीला हरवून आला. त्याआधी कितीही पोल घेतले असते तरी ते कळलं नसतं. गेल्या वर्षी उत्तर प्रदेशात ब्राह्मण मायावतींना मत देतील असं आपल्यापैकी कोण म्हणत होतं? "हाथी नहीं गणेश है" म्हणत ४०३ पैकी २०६ जागा एकटीने घेतल्या की बाईंनी. माणूस चालतो की नाही हे तो चालल्यावरच कळतं, मला तरी दुसरा मार्ग माहीत नाही.

फॉरवर्डबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं, त्यातलं एक माझ्या सख्ख्या मेहुण्याचं होतं.

आता राजकारण बंद, संध्याकाळी सुपर बोल, अमेरिकन फुटबॉलची फायनल.

---

प्रेषक: विनायक
सोमवार, ४ फेब्रुवारी

जायंट्स!!!! १७-१४!!!!

अठरा पैकी अठरा मॅचेस जिंकून आलेले पेट्रियट्स, आपल्या टीमला बारा पॉइंटनी हरणार म्हणून धरलेलं, आणि शेवटच्या मिनिटात एलाय मॅनिंगने... मी कोचावरून पडलो, खरंच पडलो, गुडघ्याला बर्फ लावून हे टाइप करतोय. आणि ऑफिसच्या पूलमध्ये मी वीस डॉलर कुणावर लावले होते विचारा. पेट्रियट्सवर. आयुष्यभर जायंट्सचा फॅन आणि पैसे पेट्रियट्सवर, कारण काय, तर तेच जिंकणार होते ना.

बायको म्हणाली, तुमच्या सल्ल्याने मी मत देणार नाही.

---

प्रेषक: शुभदा
सोमवार, ४ फेब्रुवारी

विनायकराव, वहिनींना माझा नमस्कार सांगा.

---

प्रेषक: अण्णा
मंगळवार, ५ फेब्रुवारी

सकाळी साडेसहालाच मत देऊन आलो. हिलरी. शाळेच्या जिममध्ये आमच्या पुढे एक सरदारजी आणि मागे एक इटालियन म्हातारा. म्हातारा मला म्हणाला की मी ओबामाला देणार आहे पण माझ्या गल्लीत कुणी देणार नाही. मी काही बोललो नाही. शुभदाताईंची आठवण झाली.

---

प्रेषक: मंदार
बुधवार, ६ फेब्रुवारी

न्यू जर्सी हिलरीला, ५४-४४. अभिनंदन अण्णा, शुभदाताई. पण डेलिगेट (उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मतांच्या प्रमाणात वाटतात त्यामुळे आमचेही बरेच आले, आणि देशभरात गाडी अजून बरोबरीतच आहे. काल दिवसभर मॅनहॅटनमध्ये जायंट्सची परेड, पाथ ट्रेनमध्ये निळ्या जर्सी घातलेली पोरं कोंबलेली, त्यात "आय व्होटेड"चं स्टिकर लावलेला मी एकटाच.

---

प्रेषक: कार्यकारिणी
बुधवार, ६ फेब्रुवारी

निकाल समजले. आकडे अजून समजलेले नाहीत. विनायक, तुमचं घर राहिलंय.

---

प्रेषक: विनायक
बुधवार, ६ फेब्रुवारी, रात्री

आमचे दोन धरा. एडवर्ड्सला एक टक्क्याच्या आसपास मतं पडलीत, त्यातलं एक माझं.

बायको काल संध्याकाळी जाऊन मत देऊन आली. कुणाला दिलं ते सांगत नाहीये.