मदत हवी आहे: स्विफ्ट पेट्रोलमध्ये २०डब्ल्यू-५० ऑइल टाकलंय, लगेच बदलू का चालवू तसंच?

सातपूर_लोकल:

नमस्कार मंडळी, गाडीतलं मला फार कळत नाही त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१३ ची, ७१ हजार चालली आहे. मूळ सासऱ्यांची, दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला दिली. दिवाळीत निफाडला गेलो होतो तेव्हा सासरे म्हणाले ऑइल बदलीचं बघितलंस का, म्हणलं नाही, तर लगेच चावी घेऊन त्यांच्या नेहमीच्या गॅरेजला स्वतःच घेऊन गेले आणि संध्याकाळी गाडी परत. जावई माणूस, काय बोलणार. नंतर डिकीत रिकामा कॅन सापडला तर त्यावर २०डब्ल्यू-५०. गॅरेजवाला म्हणाला म्हणे गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल घाला, इंजिन शांत राहतं. मॅन्युअल काढून बघितलं तर त्यात ५डब्ल्यू-३० आहे.

आता त्रास असा की सकाळी पहिला सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद खडखड खडखड आवाज येतो, मग जातो. गाडी थोडी ओढल्यासारखी पण वाटते, ॲव्हरेज आधी शहरात १५ पडायचं ते १३ वर आलंय. आणि काल ऑइलचं झाकण उघडलं तर आतून लोण्यासारखं पिवळट काहीतरी चिकटलेलं. हे बघून पोटात गोळा आला. माझं रोजचं चालणं घर ते कंपनी ६ किलोमीटर, परत ६, बस. ऑइल टाकून हजार किलोमीटर पण झाले नाहीत, दोन हजार रुपये परत घालायचे का? आणि सासऱ्यांना काय सांगायचं हा वेगळा प्रश्न आहेच.

---

बिनधास्त_भाऊ:

काही होत नाही चालव बिनधास्त. माझी ८०० वीस वर्षं २०डब्ल्यू-४० वर चालली, इंजिन उघडलं नाही. ते डब्ल्यू म्हणजे विंटर, बर्फाळ देशाची भानगड आहे, निफाडला काय बर्फ पडतो का.

---

पाना_१४_नंबर:

भाऊ तुमच्या ८०० ला कंपनीच २०डब्ल्यू-४० सांगायची, त्या इंजिनातल्या फटी आणि ऑइल पंप त्या हिशोबाने बनवलेले होते. गॅरेजवाल्यांची पूर्ण एक पिढी त्याच गाड्यांवर शिकली म्हणून त्यांचा हात अजून जाड ऑइलकडेच जातो, त्यात त्यांचं वाईट काही नाही. पण स्विफ्टच्या या इंजिनात टायमिंग चेन (व्हॉल्व वेळेवर उघडणारी साखळी) आहे, तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, आणि व्हीव्हीटी (व्हॉल्वची वेळ मागेपुढे करणारा भाग) आहे तो पण ऑइलच्या दाबावरच फिरतो. म्हणजे इथे ऑइल नुसतं वंगण नाही, कामाला लावलेला माणूस आहे, त्याला वेळेवर पोचावं लागतं.

आणि बर्फाचा मुद्दा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड ऑइलच्या दाटपणाचा, नंतरचा गरम ऑइलच्या. इंजिनच्या दृष्टीने चालू गाडीचं ऑइल १०० डिग्रीच्या आसपास असतं, तिथून बघितलं तर नाशिकची सकाळ कायमच थंड. साधारण २०डब्ल्यू-५० ऑइल १०० डिग्रीला १८ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणाचं माप) आसपास, पण ४० डिग्रीला तेच दीडशेच्या वर जातं. ५डब्ल्यू-३० चं १०० ला १०-११ आणि ४० ला साठ-सत्तर. मधाची बाटली फ्रिजमधून काढून उलटी करा आणि उन्हातली उलटी करा, तसं. सकाळी सेल्फ मारल्यावर जे वरपर्यंत आधी पोचेल ते चांगलं, कारण इंजिनची बरीच झीज थंड असताना चालू करतानाच होते.

लगेच घाबरून गाडी उभी करू नका, २०डब्ल्यू-५० ने इंजिन आज बसणार नाही. पण बदला.

---

चाकोरीबाहेर:

सहमत, फक्त एक. "जाड वाईट, पातळ चांगलं" असं सरसकट पण नाही. पातळ ऑइलं यायला लागली त्यात मायलेजचे नियम हे मोठं कारण आहे हे लपून नाही. गाडी ऑइल खात असेल, दर हजाराला पाव-अर्धा लिटर टॉप-अप लागत असेल, तर एक पायरी जाड जाणं यात काही चूक नाही, ५डब्ल्यू-४० पर्यंत मी पण गेलो असतो. पण ३० वरून एकदम ५० म्हणजे दोन पायऱ्या, आणि डब्ल्यूच्या आधीचा आकडा ५ वरून २०, ते कशाला?

@सातपूर_लोकल गाडी ऑइल खाते का? आणि इंजिनमधली ऑइल मापायची पट्टी काढून लेव्हल बघितली का? सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, एकदा पुसून मग परत घालून बघायची.

---

सातपूर_लोकल:

ऑइल खात नाही, आधी कधी टॉप-अप लागलं नाही. आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन पट्टी बघून आलो. वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर आहे. जास्त असणं म्हणजे चांगलंच ना?

---

पाना_१४_नंबर:

नाही!! कॅन किती लिटरचा होता?

---

सातपूर_लोकल:

साडेतीन. पूर्ण रिकामा आहे.

---

पाना_१४_नंबर:

झालं, इथेच गोम आहे. या इंजिनला फिल्टरसकट ३ लिटर आणि वर थोडंसं लागतं. कॅन साडेतीनचा आला म्हणून साडेतीन ओतलं. जास्त झालं की खाली क्रँक फिरताना ते घुसळलं जातं, ताकासारखा फेस होतो, फेसात हवा, हवेला दाब धरता येत नाही. वर सील्सवर ताण. पेट्रोल पंपावर टाकी फुल करतात तसं ऑइल फुल करायचं नसतं, दोन खुणांच्या मध्ये वरच्या बाजूला बस.

पण बोटभर म्हणजे मला अजून एक शंका येतेय. बिलात फिल्टर आहे का?

---

सातपूर_लोकल:

बिल नाहीच. सासऱ्यांना फोन केला (निमित्त द्राक्षाचं काढलं). म्हणाले फिल्टर चांगला होता म्हणून तोच ठेवला, उगाच शेदीडशे कशाला घालवायचे. त्याच्या आधीच्या सर्व्हिसला बदलला होता का ते त्यांना आठवत नाही.

---

पाना_१४_नंबर:

वाटलंच. मग तुमचा सकाळचा खडखडाट ऑइलपेक्षा फिल्टरमुळेच असण्याची शक्यता जास्त आहे. फिल्टरच्या आत एक रबरी व्हॉल्व असतो, इंजिन बंद झालं की वर चढलेलं ऑइल परत खाली चेंबरात (इंजिनच्या तळातलं ऑइलचं भांडं) उतरू नये म्हणून. जुना झाला की ते रबर कडक होतं, धरत नाही, रात्रभरात वरचं सगळं खाली. सकाळी सेल्फ मारला की पंप आधी रिकामा फिल्टर भरणार मग चेनच्या टेन्शनरला पोचणार, आणि त्यात आता ऑइल दाट. दोन-तीन सेकंद त्यातच जातात. शंभर-दीडशे वाचवले पण चुकीच्या जागी.

---

मावळती_मनीषा:

झाकणाखालच्या लोण्याबद्दल कोणी बोललंच नाही, मी बोलते, कारण मागच्या वर्षी मी याच्यावरून चार रात्री झोपले नव्हते. गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनमधलं सील) गेलं म्हणून पंचवीस हजार सांगितले होते. आधी कूलंटची बाटली बघा, गाडी थंड असताना. लेव्हल कमी होतेय का, त्यात तेलकट तवंग आहे का, पट्टीवरचं ऑइल पण दुधाळ आहे का, गरम झाल्यावरसुद्धा सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहतो का. यातलं काहीच नसेल आणि लोणी फक्त झाकणाला असेल तर ती वाफ आहे. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, त्यातलं थोडं आत उतरतं, इंजिन नीट तापलं की उडून जातं. तुमचं ६ किलोमीटर म्हणजे ऑइल पुरतं तापायच्या आत गाडी बंद, मग ते पाणी थंड झाकणाला जाऊन बसतं. थंडीत जास्त. माझं पण तेच निघालं, वाचले पंचवीस हजार.

---

सातपूर_लोकल:

कूलंट जिथल्या तिथे आहे, हिरवा स्वच्छ. पट्टीवरचं ऑइल पारदर्शक पिवळं. धूर नाही. देव तुमचं भलं करो.

---

मावळती_मनीषा:

मग पंधरा दिवसातून एकदा तासभर सलग चालवा. नाशिक ते निफाड चाळीसेक किलोमीटर आहेच की. सासरवाडीला जा 😄

आणि तुमच्यासारख्या चालण्याला १० हजार किलोमीटरची वाट बघू नका. "१० हजार किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते" यातलं दुसरं तुमच्यासाठी लिहिलंय.

---

घाटातला_सीएनजी:

धाग्यात घुसतो जरा, माझी वॅगनार सीएनजी आहे. माझं ऑइल ८ हजारला पण सोनेरीच असतं, मग मी अजून चालवू शकतो का? मित्राचं डिझेलचं तर पाचशे किलोमीटरमध्ये काळं ठिक्कर होतं.

---

चाकोरीबाहेर:

रंगावरून ठरवू नका. डिझेलचं ऑइल काळं होतं कारण ते काजळी धरून ठेवतं, ते त्याचं कामच आहे, काळं झालं म्हणजे काम करतंय. सीएनजीत काजळी जवळपास नाही म्हणून स्वच्छ दिसतं, पण उष्णता जास्त, ऑक्सिडेशन जास्त, ऑइल आतून थकतं आणि तोंडावर दाखवत नाही. काही माणसं असतात ना तशी. तुम्ही पण दहा हजार किंवा वर्ष, पुढे ताणू नका.

डिझेलचं निघालंच तर, बीएस६ डिझेल गाडी ज्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे त्यात कुठलंही डिझेल ऑइल ओतू नका, कमी राखवालं लागतं, एसिया (युरोपचं ऑइल मानक) सी२ किंवा सी३, मॅन्युअलमध्ये जे असेल ते. चुकीचं घातलं तर ती राख डीपीएफमध्ये जाऊन बसते आणि ती जाळून जात नाही.

---

सातपूर_लोकल:

ठरलं, बदलतो. आता दुकानात काय मागू? एसएन, एसपी, सेमी, फुल सिंथेटिक. आणि एका सर्व्हिस सेंटरला फोन केला तर ते म्हणाले जाड ऑइल होतं तर आधी इंजिन फ्लश (आतून धुणं) करावा लागेल आणि इंजिन कोटिंग पण घ्या, सगळं मिळून साडेपाच हजार.

---

पाना_१४_नंबर:

फ्लश नको, कोटिंग तर नकोच. चेंबरचा नट उघडल्यावर थोडं जुनं आत राहतंच, ते नव्यात मिसळलं तर काही बिघडत नाही, इंजिन ऑइलं एकमेकात मिसळतात. ७१ हजार चाललेल्या गाडीत फ्लशने सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर ते दुखणं वेगळं.

मागताना ब्रँड नंतर, आधी ग्रेड: ५डब्ल्यू-३०. मग एपीआय (कॅनवरचा दर्जाचा शिक्का): एसएन २०१० चा, एसपी २०२० चा, नवीन असलेला जुन्या गाडीला चालतो, उलटं नाही. एसपी मिळेल सगळीकडे. तुमच्या वापराला सेमी पण चालेल पण फरक चार-पाचशेचा असतो, फुल सिंथेटिक घ्या. ब्रँडवरून इथे मारामाऱ्या होतात म्हणून मी नाव घेत नाही. कंपनीच्या पंपावरून नाहीतर अधिकृत स्पेअरच्या दुकानातून घ्या, सील स्वतः फोडा. आणि रिकाम्या कॅनला घरी नेण्याआधी स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा, डुप्लिकेट ऑइल त्याच कॅनांतून परत विकलं जातं.

फिल्टर नवा, नटाचं वायसर नवं. समोर उभं राहा आणि दोन गोष्टी बघा: जुन्या फिल्टरची रबरी रिंग फिल्टरबरोबर निघाली का, कधी कधी ती इंजिनला चिकटून राहते आणि वर नवीन बसवला की डबल रिंग होऊन सगळं ऑइल रस्त्यावर. दुसरं, नवा फिल्टर हातानेच, रिंग टेकल्यावर पाऊण फेरा. पान्याने आवळायला लागला तर हात धरा त्याचा. ऑइल तीन लिटरला थांबवायचं, मिनिटभर चालू करून बंद, मग पट्टी बघून घोट-घोट.

---

सातपूर_लोकल:

अपडेट. शनिवारी कंपनीजवळच्या छोट्या गॅरेजला समोर उभं राहून करून घेतलं. जुन्या फिल्टरवरचा रंग उडालेला, गंज, नक्की किती वर्षांचा देव जाणे. रिंग इंजिनलाच चिकटली होती!! मीच दाखवली, त्या पोराने माझ्याकडे जरा आदराने बघितलं. ऑइल, फिल्टर, मजुरी मिळून चोवीसशे. उरलेलं अर्ध्या लिटरच्या आतबाहेर कॅनात डिकीत ठेवलंय.

आज चौथी सकाळ. खडखड जवळपास गेली, एखादा टक असा येतो आणि बंद. गाडी हलकी वाटते, पण ते मनाचं पण असेल. ॲव्हरेज मात्र तिथेच आहे.

---

चाकोरीबाहेर:

ॲव्हरेजचं खापर सगळं ऑइलवर नव्हतंच, त्याने फार तर थोडं इकडचं तिकडे होतं, १५ चे १३ होत नाहीत. टायरची हवा बघा आधी, मग एअर फिल्टर. हा पण सासरवाडीलाच बदलला होता का?

---

सातपूर_लोकल:

हवा २४ निघाली. चारही. दिवाळीपासून भरलीच नव्हती, माझीच चूक, कोणाला सांगू नका.

सासऱ्यांना सांगितलं शेवटी, म्हणलं कंपनीच्या पुस्तकात तसं लिहिलंय म्हणून बदललं. पुस्तकाचं नाव घेतल्यावर काही बोलले नाहीत. दोन मिनिटांनी विचारलं, काढलेलं जळकं ऑइल कुठंय, घेऊन ये, गोठ्याच्या डांबांना वाळवी लागलीय. ते मी गॅरेजलाच सोडून आलो. चाललं असतं का ते?

---

मावळती_मनीषा:

बरं केलंत सोडलं ते. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात येतं, गॅरेजवाले ड्रममध्ये साठवून रिसायकलवाल्याला देतात. गोठ्याजवळ विहीर नाहीतर बोअर असेलच, पहिल्या पावसात तिकडे उतरायचं. गुरं डांब चाटतात ते वेगळंच.

---

सातपूर_लोकल:

विहीर पंधरा फुटांवर आहे. परवा निफाडला चाललोय, वाळवीचं औषध घेऊनच जातो.