मदत हवी आहे: बीकॉमचं शेवटचं वर्ष राहिलंय, २००५ पासून

हळदीची_पेठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर आहे, बारा वर्षं झाली. एप्रिल २००५ ला एसवाय बीकॉमची परीक्षा दिली, मे महिन्यात लग्न झालं आणि टीवायचा फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच. कुणी अडवलं असं नाही. पुढच्या वर्षी बघू, पुढच्या वर्षी बघू करत थोरली झाली, मग धाकटा.

आता का? संस्थेत दरवर्षी ऑडिट असतं तेव्हा ऑडिटरसमोर दोन दिवस मीच बसते. पिग्मीचा म्हणजे रोजच्या ठेवींचा मेळ, थकबाकीच्या याद्या, एनपीएची म्हणजे थकलेल्या कर्जांची तरतूद, सगळं मीच काढून देते. मागच्या खेपेला त्यांच्यातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही जीडीसी अँड ए का देत नाही? हे सगळं तर तुम्हाला येतंय." मी हसून चहा मागवला. सहकार आणि हिशेबाच्या त्या सरकारी पदविका परीक्षेला पदवी लागते हे त्याला माहीत होतं, माझ्याकडे ती नाही हे माहीत नव्हतं. वर आमचे शाखाधिकारी पुढच्या वर्षी रिटायर होताहेत आणि त्या जागेलाही पदवीधरच हवा.

घरचं सांगते. सासरे दोन वर्षांपासून अर्धांगाने अंथरुणावर. सासूबाई आहेत, पण त्यांना एकटीला सासऱ्यांची कूस बदलता येत नाही. मुलगी यंदा दहावीला, मुलगा सहावीत. मिस्टर ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मला स्वतःचा म्हणावा असा वेळ रात्री साडेनऊनंतर, ओटा पुसून झाला की.

जुन्या कॉलेजात गेले होते. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "बाई, तो सिलॅबस कधीच मेला." पुढे काय करायचं ते विचारलं तर पुढच्या माणसाला हाक मारली. परत यायला रिक्षासुद्धा केली नाही, चालत आले.

त्यात कागदपत्रांचा घोळ. २०१९ च्या पुरात गावभागात आमच्या घरात छातीभर पाणी होतं. एफवायची गुणपत्रिका लॅमिनेट केलेली म्हणून वाचली. एसवायची उघडली तर घडीतून चिखल निघाला आणि शाईचा नुसता निळा डाग. शिवाय सगळ्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं.

मला ती दोन वर्षं वाया घालवायची नाहीत. थेट टीवायला बसता येईल का? नाहीतर मुक्त विद्यापीठातून करावं का? आमचे चेअरमन म्हणतात, बाहेरून केलेली डिग्री कुठे धरत नाहीत. खरं आहे का?

निवृत्त_कारकून

ताई, मी कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं काढली, तेव्हा त्या खिडकीतल्या माणसाच्या वतीने आधी माफी मागतो. बोलला ते उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. तुमच्या वेळी वार्षिक परीक्षा होती. नंतर सेमिस्टर आलं, क्रेडिट आलं, आता नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे रचनाच बदलली. २००५ चे पेपर आजच्या टीवायला जोडायला फारच थोडे विषय जुळतील. आता विद्यार्थ्यांचं क्रेडिट ऑनलाइन साठवणारी क्रेडिट बँक आहे, तिच्यात जमा झालेलं क्रेडिटसुद्धा जास्तीत जास्त सात वर्षं चालतं, तुमचं तर त्या बँकेच्या आधीचं. सवलत मिळेल की नाही हे प्रत्येक विद्यापीठ गुणपत्रिका बघून ठरवतं. लेखी अर्ज द्या, तोंडी विचारू नका. पण त्या उत्तरासाठी प्रवेशाची तारीख घालवू नका.

एसवायची दुय्यम गुणपत्रिका कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातून मिळते. बैठक क्रमांक आणि परीक्षेचा महिना माहीत असेल तर काम लवकर होतं. मात्र पहिल्या वर्षापासून सुरू करणार असाल तर ती लागणारच नाही, बारावीची पुरे.

नावाचं मात्र आधी उरका. दूरशिक्षणाला आता डिजिलॉकरमधून त्या क्रेडिट बँकेचा एबीसी आयडी आणि २०२४ पासून यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा डेब आयडी, दोन्ही काढावे लागतात. ते आधारवरून निघतात, म्हणून नावाची फारकत तिथेच आडवी येते. विवाह नोंदणी दाखला आहे का? नसेल तर लग्न झालं त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत आजही उशिराची नोंदणी होते. त्यावर नाही भागलं तर सरकारी राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा.

चेअरमनसाहेबांना सांगा, यूजीसीची मान्यता असलेल्या संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने हे पुन्हा जाहीर केलं. त्याची प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवा, तोंडी वाद घालू नका.

रांगडा_गडी

मुलींना आता फी माफ झालीय ना? मग रेग्युलरच करा की.

निवृत्त_कारकून

दादा, तो २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींसाठी, त्यातही उत्पन्नाची आणि प्रवर्गाची अट. साध्या बीकॉमला नाही. आणि रेग्युलरला हजेरी लागते, पतसंस्था सोडून या रोज दहाला वर्गात बसणार का?

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण मुलगी दहावीला, सासरे अंथरुणावर. या वर्षी मुलीकडे बघा. तुमचं शिक्षण पळून जातंय का?

अजिंक्यताऱ्याखालून

२००५ पासून पळतंयच की ते! आमच्या साताऱ्यात जयंतीच्या भाषणात सगळे कर्मवीर अण्णांचं नाव घेतात, 'कमवा आणि शिका' म्हणून टाळ्या घेतात. कमावणारी बाई शिकायला निघाली की बरोबर मुलीची दहावी आठवते. तिचे मिस्टर टीवाय करणार असते तर विचारलं असतंत का?

कराडची_माहेरवाशीण

स्पष्टवक्ता, तुमच्यासारखे दोन आमच्या घरीच होते, म्हणून लिहिते.

ताई, मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं, धाकटा दीड वर्षाचा असताना सुरू केलं. त्या दोन वर्षांचा लोभ सोडा. मीही एफवाय जोडून घ्यायला चार महिने हेलपाटे मारले आणि तेवढ्यात प्रवेशच बंद झाले. एक अख्खं वर्ष त्या एका वर्षासाठी गेलं! पुढच्या जूनमध्ये मुकाट पहिल्यापासून सुरू केलं.

संपर्क सत्रं माझ्या केंद्रावर रविवारी असायची. सगळ्यांना जमलं नाही, पण विषय सुरू होतो त्या पहिल्या रविवारी मात्र जाच, कोणत्या धड्यावर भर द्यायचा ते तिथेच कळतं. पुस्तकं मराठीत आणि स्वतः वाचून समजावीत अशीच लिहिलेली असतात. गृहपाठ शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, मी ठेवले आणि हात सुजेपर्यंत लिहीत बसले.

रात्री साडेनऊनंतर अभ्यास होत नाही. मी करून बघितलाय. पुस्तक छातीवर, दिवा चालू आणि सकाळी नवरा विचारतो, कुठवर आलं? मी पहाटे साडेचार ते सहा ठेवलं आणि त्यासाठी रात्रीची भांडी सोडली. नुसती बोलून सोडली नाहीत, खरोखर मोरीत तशीच ठेवून झोपले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी कामाला बाई लावली. बोलल्या खूप, पण लावली.

माझी परीक्षा मे-जूनमध्ये असायची. तुमचा मार्च एंड आणि मुलीची दहावी दोन्ही तोवर संपतं, तरी यंदाचं वेळापत्रक बघूनच रजा टाका. माझ्या पुढच्या बाकावर एसटीचे एक कंडक्टर होते, पेपर हातात पडेस्तोवर तिकिटाच्या ट्रेसारखं पॅड मांडीवर धरून बसायचे. एका विषयात मी नापासही झाले, अर्थशास्त्र. घरी आठ दिवस सांगितलं नव्हतं.

एकच विचारते. सासऱ्यांना सकाळी कोण बघतं? ती दीड तासाची जागा दुसऱ्या कुणी भरली तरच हे जमेल. मिस्टर घरी असतात त्या दहा दिवसांचं आधी ठरवा, बाकीच्या वीसचं नंतर.

हळदीची_पेठ

सगळ्यांचे आभार. कराडच्या ताई, तुमचं वाचून गप्प बसले होते बराच वेळ. सकाळी सासऱ्यांना मीच बघते. पाच वाजता कूस, साडेपाचला पुसून घेणं. दिराला फोन केला, ते माधवनगरला असतात, मोटारसायकलवर पंधरा मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस पहाटे येतो म्हणालेत. हे मी दोन वर्षांत त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

कारकून काका, विवाह नोंदणी झालेली आहे, दाखला पत्र्याच्या पेटीत होता म्हणून पुरातून वाचला. कोल्हापूरला अर्ज टाकणार नाही. पहिल्या वर्षापासूनच करते. हे लिहिताना अजून जीवावर येतंय, पण करते. स्पष्टवक्ता, मुलीला विचारलं. ती म्हणाली, आपण दोघी एकाच टेबलावर बसू, फक्त तू मोठ्याने वाचायचं नाही.

काल रात्री तिने मोबाईलवर डिजिलॉकर उघडून दिलं. सगळं भरलं, आधार क्रमांक टाकला आणि ओटीपी गेला मिस्टरांच्या नंबरवर, कारण माझ्या आधारला नंबर त्यांचाच लावलेला. फोन केला तर ते घाटात. "गाडी चालवू का तुझा ओटीपी बघू?" बरोबरच आहे त्यांचं. ढाब्यावर थांबल्यावर त्यांनी आकडे सांगितले तोवर त्याची मुदत संपलेली. परत पाठवला, परत गाडी सुरू.

शनिवारी हाफ डे आहे, आधार केंद्रात जाऊन माझाच नंबर लावून घेते. सोबत काय काय न्यावं लागतं?

निवृत्त_कारकून

आधार कार्ड आणि तुमचा मोबाईल. अंगठा चालतो, हळदीचे हात धुऊन जा.